नेपाळला नेलेलं रोटीचं मडकं

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या आमच्या विहारातून काही जण सेवेसाठी नेपाळला निघाले, तेव्हा मलाही घेतलं. लुंबिनीजवळच्या एका गावात मुलांचं वसतिगृह आहे, तिथे पंधरा दिवस राहायचं होतं. बाकीच्या बाया मुलांना शिकवणार होत्या. मी चौथी शिकलेली, त्यात चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. मला चूल बरी वाटली.

लांब रोटीचं मडकं मी घरूनच नेलं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि हातांवर ताणलेली रोटी वर टाकायची. तसं मडकं तिकडे मिळेल न मिळेल, म्हणून रेल्वेत मांडीवर धरून बसले.

"काहून वं, लेकरू झोपलं का?" समोरच्या मावशींनी विचारलं.

"उठवू नोका तिले, दूध मांगन ते," दुसरी म्हणाली.

मी मडक्यावर पदर ओढला, तर सगळ्या आणखीच हसल्या.

वसतिगृहात एक लहान मुलगी नुकतीच आली होती. तिची आई वीटभट्टीवर कामाला. मुलगी कोणाशी बोलायची नाही, ताटातला भात चिवडायची आणि फाटकापाशी जाऊन बसायची. तिथल्या दीदी म्हणाल्या, शनिवारी सुट्टी असते, तेव्हा आई येईल. तोवर ही रमली नाही तर आई तिला परत भट्टीवर नेणार. मग शाळा राहिलीच.

मला त्या शनिवारची धास्ती बसली. तिच्याजवळ जाऊन काही बोलावं असं वाटे, पण जमत नसे. दुरून तिच्याकडे बघत मी भांडी घाशी.

गुरुवारी रोट्या करायला घेतल्या. तिकडच्या पिठात कोंडा जास्त होता, आणि मी ते घरच्यासारखं न चाळताच भिजवलं. हातांवर ताणली तशी रोटी मधोमध फाटली आणि माझ्या कोपराला लोंबत राहिली. भोवती जमलेली मुलं खिदळायला लागली. तोंड लपवायला मी मागे वळले, तर ती मुलगी फाटकापासून उठून आली होती. हसत नव्हती, नुसती बघत होती.

मग मी पीठ जुन्या सुती लुगड्यातून चाळलं, सैल भिजवलं आणि परातीत आपटून आपटून मळलं. या वेळी रोटी कोपरापर्यंत नीट उतरली. मडक्यावर टाकली तेव्हा मुलं चुलीजवळ सरकली.

"हमहू करब," ती म्हणाली. म्हणजे मीपण करणार.

"कर ना," एवढंच मी बोलले आणि तिच्या हातांवर लिंबाएवढा गोळा ठेवला. तो घसरून परातीत पडला. तिने उचलला, पुन्हा पडला. शेवटी जे झालं ते एका बाजूने करपलं, दुसरीकडे कच्चंच राहिलं. पण तिने ते कोणाला दिलं नाही. चुलीपाशी उभ्यानेच खाल्लं.

शुक्रवारी भात होता, तरी तिच्यासाठी थोडं पीठ भिजवलं.

शनिवारी आई आली. केसांत विटांची लाल धूळ तशीच. मुलीचे कपडे न्यायला तिने पिशवी आणली होती. लेकीने नुकताच भाजलेला रोटीचा तुकडा तिने उलटासुलटा करून पाहिला.

"रोटी अइसन होत है?"

"नागपूर में होत है," मुलगी म्हणाली.

आई हसली. तुकडा सगळा खाल्ला. मग मला विचारलं, "तुम कब जाओगी?"

मला आठ दिवसांनी निघायचं होतं. ते सांगितलं. मडक्याकडे बोट दाखवून म्हटलं, "ये यहीं रहेगा."

तिने मडक्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि पिशवीची घडी घालून कमरेला खोचली.

आई फाटकातून निघाली तेव्हा मी मुलीकडेच बघत होते. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते, त्यामुळे निरोपाला ते हलवता येईनात. तिने नुसती हनुवटी वर केली, आई वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं आणि पुन्हा परातीत वाकली.