कपाशीतली तूर

दहावीच्या गणितात मी दोनदा आपटले. समीकरणं-बिमीकरणं सगळी येत होती. पण शाब्दिक उदाहरण आलं, की आकडे दिसले रे दिसले मांडायला लागायचं, ही माझी खोड. लग्नानंतर तिसऱ्यांदा बसले, तेव्हा सासू स्पष्टच म्हणाली, "यंदा शेवटचं. नाई झालं तं थे पुस्तकं रद्दीत." गावच्या अंगणवाडीत पुढंमागं जागा निघणार होती. त्या जागेला बारावी लागत होती आणि माझं घोडं दहावीतच अडलेलं.

नेरच्या सेंटरवर पेपर बरा चालला होता. मग हे आलं: एका शेतकऱ्याने निम्म्या शेतात कापूस पेरला. उरलेल्या शेताच्या एक तृतीयांश भागात तूर पेरली. बाकी चार एकर पडीक ठेवले. तर एकूण शेत किती?

यात काय आहे, म्हटलं. तूर तर कपाशीतच असते. आमच्याकडे कपाशीच्या काही ओळी झाल्या की एक ओळ तुरीची. तिला वेगळी जमीन देतं कोण? म्हणजे अर्ध्यात कापूस-तूर, अर्धं पडीक. चार दुणे आठ. आठ एकर लिहून मोकळी झाले.

पुढचं सोडवताना मन मागंच राहिलं. त्या एक तृतीयांशाला मी हातच लावला नव्हता. परीक्षेत कोणी फुकटचा आकडा देतं का? वेळ संपत आलेला. पेपर काढणाऱ्याचा असा संताप आला! मेल्यानं कधी शेतातली तूर पाहिली तरी होती का?

त्या संतापातच सासूचं रोजचं बोलणं आठवलं. "अर्धं ऐकते अन् भांडाले उठते. पुरं ऐकत जाय नं." मग एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचलं. उरलेल्या शेताच्या. सगळ्या शेताच्या नाही. हे शेत आमचं नव्हतंच, जसं लिहिलं होतं तसंच ते होतं. उरलेल्या निम्म्याचा एक हिस्सा तूर, दोन हिस्से पडीक, तेच चार एकर. म्हणजे निम्मं सहा, सगळं बारा. आठ खोडून बारा लिहिलं तोवर बाई पेपर ओढायला आल्या होत्या.

निकाल मोबाइलवर पाहिला. पास, तेही अगदी काठावर. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या सासूला सांगितलं. तिनं वर पाहिलं नाही. "थे दहावीचे पुस्तकं काढ फळीवरून," म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "काहून? पास झाली नं मी? रद्दीत नाई देत, सांगून ठेवते."

"अकरावीचे कुठी ठेवशीन मंग?" ती म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.