आमदार गणपतराव आणि केरबाचा हात

उचगावच्या गणपतरावांना बहात्तर साली आमदारकी मिळाली ती ओतकामाच्या जिवावर. तालुक्यात ज्याच्या मळ्यावर इंजिन, त्याच्या इंजिनाचा कुठला ना कुठला भाग त्यांच्या फाउंड्रीतून आलेला असायचा. माणूस बोलायला रांगडा, पण व्यवहाराला सरळ. भाषण म्हणाल तर चार वाक्यांतच त्यांना घाम फुटायचा. तरी "आपला लोखंडवाला हाय की" एवढ्यावर लोकांनी धडाधड शिक्के मारले.

ती फाउंड्री त्यांनी एकट्यानं उभी केली नव्हती. साठ-एकसष्टच्या सुमाराला उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, पत्र्याची शेड टाकली, तेव्हापासून गावचाच केरबा बरोबर होता. गणपतराव गिऱ्हाईक बघायचे. केरबा मातीचे साचे घालायचा आणि रस ओतायचा. वितळून पाणी झालेल्या लोखंडाला तिथं रस म्हणतात. लांब दांड्याची भरली पळी घेऊन केरबा साच्यांमधून असा चालायचा की शेजारच्या शेडमधली माणसं काम टाकून बघत उभी राहायची. शिक्षण नाही, जमीन नाही, दिसायलाही यथातथाच. पण हाताचं नाव होतं, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

शेडमध्ये एक नियम कडक होता. पाणी आत आणायचं नाही. रस ओतताना थोडा सांडतोच, ओतणारा कितीही तयारीचा असो. कोरड्या मातीवर पडला तर गप विझतो, ओल्यावर पडला तर बार उडावा तसा उसळून वर येतो. हा नियम गणपतरावांनीच घातलेला. पाय धुऊन तसाच ओल्या पायांनी आत आलेल्या एका कामगाराला त्यांनी शिव्या घालून घरी पिटाळलं होतं.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर एक मंत्री फाउंड्री बघायला येणार म्हणून निरोप आला. निवडणूक तोंडावर होती, तिकिटाची ओढाताण चालू होती, आणि मंत्र्यांच्या मनात भरलं की तिकीट नक्की, असं गणपतरावांना सगळ्यांनी पटवून ठेवलेलं. कार्यकर्ते सकाळपासून कामाला लागले. दाराला केळीचे खुंट बांधले, ताशेवाले बोलावले. आणि पाहुणा दारी येणार म्हटल्यावर आपल्याकडं जे करतात तेही केलं. सडा घातला. अंगणात घातला, तसा शेडमध्येही घातला. साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर काळी धूळ उडायला नको, म्हणून. मंत्री वेळेवर येतात कुठले! तोवर सडा वाळला, म्हणून पुन्हा घातला. वर रांगोळीही काढली.

गणपतरावांनी ते बघितलं नाही असं नाही. बघितलं. पण ज्यांनी सडा घातला त्यांच्यावरच प्रचाराची सगळी मदार होती, त्यांना चारचौघांत काय बोलायचं, म्हणून ते गप बसले. वरून तर कोरडं दिसतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मंत्री आले, हार झाले, भट्टीतून रस निघाला. केरबानं टाचेनं जमीन उकरून बघितली आणि पळी उचललीच नाही.

"गणपा, जमीन वली हाय. मागल्या अंगाला कोरड्यात वतून टाकू. सायबास्नी साचं नुसतं दावू."

मंत्री हसत म्हणाले, "काय आमदार, तुमच्या कारखान्यात तुमचं चालत नाही वाटतं?"

सगळे हसले. गणपतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वत, केरबा," ते म्हणाले. "मी सांगतोय न्हवं?"

केरबानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि पळी उचलली. पहिला साचा नीट भरला. दुसऱ्या साच्यापाशी नेहमीसारखाच थोडा रस काठावरून सांडला, आणि शेडमध्ये बार झाला. मंत्री लांब उभे होते, त्यांना काही झालं नाही. केरबाचे दोन्ही डोळे गेले.

चौकशीला अधिकारी आले. गणपतरावांनी जबाब दिला: पळी धरणाऱ्याचा हात हलला. सगळं खापर एका वाक्यात केरबावर फुटलं. सड्याचं कुणी काढलं नाही. संध्याकाळच्या आत उद्यमनगरभर झालं, केरबाचा हात हलला.

दवाखान्याचा सगळा खर्च गणपतरावांनी केला, घरी पगारही चालू ठेवला. तिकीट मिळालं. प्रचार ऐन भरात असताना केरबाची बायको अंबूबाई त्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, डोळं गेलं त्येचं आमी सोसू. पर येनारं-जानारं इचारतंय, केरबा, हात कसा हालला रं? त्येनी जेवत न्हाईत. एकदा चार मानसांत सांगा, हात हालला न्हवता म्हनून. दुसरं कायबी नगं."

"विलेक्शन होऊ दे, वैनी. मग सांगतो."

निवडणूक झाली, निवडूनही आले. मग मुंबईचं अधिवेशन आलं, मग कुठल्या समितीवर नाव लागणार होतं, मग पुन्हा निवडणूक. सांगायला लाज वाटते, पण खरं सांगायचं तर गणपतराव केरबाच्या गल्लीतून जायचंच टाळू लागले. ऐंशी साली ते आपटले. गाड्या यायच्या बंद झाल्या, कार्यकर्त्यांनी दुसरं दार धरलं. रिकाम्या घरात बसलं की कानात केरबाचं ओरडणं यायचं, जेवण जाईना, झोप लागेना. शेवटी एका खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेला, त्यांनी उद्यमनगरातले सगळे मालक आणि कामगार बोलावले. गाडी पाठवून केरबाला आणि अंबूबाईला आणलं, पुढं बसवलं.

पूजा झाल्यावर ते उभे राहिले.

"केरबाचा हात हालला न्हवता," ते म्हणाले. "जमीन वली हुती. त्यो नको म्हनत हुता. मी वतायला लावलं. जबाब मी खोटा दिला."

मग एका म्हाताऱ्या मालकानं डोळे पुसत टाळी वाजवली. "याला म्हनायचं मालक! कामगाराची चूक सोताच्या अंगावर घेतली!" आणि सगळी शेड टाळ्यांनी दणाणली.

"आरं, खरं सांगतोय मी!" गणपतराव ओरडले. टाळ्या वाढल्या. कुणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला.

केरबा काठी चाचपत उठला. अंबूबाईनं त्याला धरलं. गणपतराव हारासकट धावले, त्याचा हात हातात घेतला. केरबानं तो सोडवून घेतला.

"सायेब, लई उशीर केलासा," तो म्हणाला. "आता तुमचंबी कोन खरं धरंना."

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर हाच विषय होता. केरबाचा हात हलला ते हललाच, लोक म्हणत होते, पण गणपतराव म्हणजे देवमाणूस.