कमानीखालचा ड्रम

ग्वाल्हेर संस्थानच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारे पुष्कळ होऊन गेले, पण न वाजवून नाव कमावलेले एकटे जगदेवराव. दसऱ्याची स्वारी छावणीच्या दगडी कमानीशी आली की धून थांबायची, आणि कमानीखाली शिरताच जगदेवराव ड्रमवरच्या काठ्याही थांबवायचे. आत नुसते बूट ऐकू यायचे. सगळी रांग त्या बुटांवर चालायची. कमानीबाहेर पहिलं पाऊल पडलं की नेमका त्याच्यावरच जगदेवरावांचा टोला पडायचा आणि नवी धून सुरू व्हायची. दाना ओलीच्या बाजारातली माणसं पोरं खांद्यावर घेऊन त्या टोल्यासाठी उभी राहायची. तो कधी चुकला नाही, हे खरं. पण एवढ्या एका खऱ्यावर माणसाने जन्मभर किती मिजास करावी, याला काही धरबंध हवा होता.

वाजवताना खांदा हलायचा नाही, नजर ड्रमकडे जायची नाही. सगळं काम मनगटात. मान अशी ताठ, की पुढून बघणाऱ्याला वाटावं, ड्रम दुसराच कोणी वाजवतोय आणि हे नुसते देखरेखीला चाललेत. क्लॅरिनेट आणि बिगुलवाल्यांना ते ‘फुंकणारे’ म्हणत. स्टेशनाजवळच्या पडाव भागातल्या लग्नाच्या बँडवाल्यांना तर ते माणसांत धरतच नसत. आपला आजा दख्खनेतून घोड्यावर तलवार घेऊन आला, असं ते येता-जाता सांगत. स्वतः टांग्याशिवाय कशावर बसले नव्हते. घरी विजयाबाई पोळ्या लाटायला बसल्या की लाटण्याचा ताल चुकतो म्हणून ते ताटाच्या काठावर बोटांनी वाजवून दाखवत. विजयाबाई ऐकून घेत आणि पोळ्या करत. कोणीतरी करायला हव्या होत्या.

मग संस्थानं विलीन झाली आणि मध्यभारत नावाचं राज्य आलं. ग्वाल्हेर आणि इंदूर एका ताटात जेवायला बसले. दोन फौजा, दोन कचेऱ्या, तसे दोन बँडही एकत्र झाले. पण मुख्य ड्रमवाल्याची जागा एकच. इंदूरहून दौलतसिंह नावाचा ड्रमवाला आला. बुटका, हसरा, पानाने तोंड रंगलेलं, आणि वाजवताना खुशाल ड्रमकडे बघणारा. जगदेवरावांना दादा म्हणायचा, पाया पडायचा. जगदेवरावांनी त्याला पहिल्या दिवसापासून झुरळासारखं झटकलं. कंपूच्या छावणीत चहाला बसले की म्हणायचे, “इंदूरवाल्यांचं काय, मूठमूठ सेव तोंडात फाकतात आणि तालपण तसाच फाकतात.” फुंकणारे हसायचे, कारण तेही ग्वाल्हेरचे होते आणि त्यांनाही आपापल्या जागेची धास्ती होती.

नव्या मंत्र्यांसमोर पहिलं संचलन ठरलं. ते पाहून मुख्य ड्रमवाला निवडायचा, असं बँडमास्तर विश्वासरावांनी सांगितलं. ज्याची निवड होणार नाही त्याला घरी बसावं लागेल, हेही सांगितलं. विश्वासराव सावध माणूस. त्यांनी आधीच बजावलं, की या वेळी कमानीखाली थांबायचं नाही, नव्या लोकांना ती चाल माहीत नाही, ड्रम चालू राहील. जगदेवरावांनी मान डोलावली. मनात मात्र त्यांचा बेत शिजला होता. कमानीत आपण एकदम थांबायचं. ग्वाल्हेरची निम्मी रांग सवयीने बुटांवर सरळ चालेल. इंदूरची निम्मी अडखळेल, आणि भर मंत्र्यांदेखत दौलतसिंहाचे पाय त्याच्याच पायांत येतील. आपल्या माणसांना त्यांनी डोळ्याने खूणही करून ठेवली. ज्या कलेवर नाव कमावलं तीच दुसऱ्याला तोंडघशी पाडायला काढताना या गृहस्थांना काडीची लाज वाटली नाही.

संचलनाच्या दिवशी कमान आली. धून थांबली, दोन ड्रम वाजत राहिले आणि आत शिरताच जगदेवरावांनी काठ्या उचलून धरल्या.

काही झालं नाही. दौलतसिंहाने नुसता हात जड केला. एका ड्रमचा आवाज दगडात घुमून दोघांचा झाला. इंदूरवाले त्याच्यावर चालले, आणि ग्वाल्हेरवालेही. नोकरी सगळ्यांनाच हवी होती, खूण-बिण कोणाच्या ध्यानात राहिली नव्हती. एकटे जगदेवराव आपल्या मनातल्या शांततेत मोजत चालले, आणि बाहेर आल्यावर त्यांनी तो सुप्रसिद्ध टोला दिला तेव्हा धून सुरू होऊन गेली होती. टोला भलतीकडेच पडला. लग्नाच्या वरातीत कोणाच्या हातून परात पडावी तसा.

रांग मोडल्यावर विश्वासरावांनी विचारलं, कमानीत एकच ड्रम का वाजत होता? जगदेवरावांपुढे दोनच उत्तरं होती. मुद्दाम थांबलो म्हणावं तर हुकूम मोडल्याचा गुन्हा. चुकलो म्हणावं तर मग उरलं काय? तेवढ्यात दौलतसिंहच पुढे झाला.

“दादा की डंडी चटक गई थी, साहब. मैंने सँभाल लिया.”

काठी चिरली म्हटल्यावर विश्वासरावांनी बरं म्हटलं आणि वयाचा मान म्हणून जागा जगदेवरावांना दिली. दौलतसिंहाने वेळ निभावली म्हणून त्यालाही घरी न पाठवता दुसऱ्या ड्रमवर ठेवून घेतलं. जगदेवरावांनी धड असलेली काठी कोटाच्या बाहीत सरकवली. घरी जाताना दाना ओलीत एक ओळखीचे गृहस्थ भेटले. म्हणाले, या खेपेला मधे खंड नाही पडला, बरं वाटलं ऐकायला. जगदेवराव घरी आले आणि उद्या कोणी काठी पाहायला मागेल या भीतीने ती शिसवी काठी त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर मोडली. विजयाबाईंनी पाहिलं, कारण विचारलं नाही. एक तुकडा त्यांनी चुलीत घातला आणि दुसरा कपडे उकळताना ढवळायला ठेवला.

त्या जागेवर जगदेवराव मध्यभारत असेपर्यंत राहिले. ताठ मान, तीच मिजास. फक्त कमान जवळ आली की दौलतसिंह हळूच त्यांच्याकडे बघून हात तयार ठेवायचा, आजाऱ्याशेजारी बसलेल्या माणसासारखा. जगदेवराव मग सगळ्यात मोठ्याने वाजवायचे. थांबण्याची चाल तिथेच संपली.

छप्पन साली राज्यांची पुन्हा मोडतोड झाली. राजधानी भोपाळला गेली, आणि बँडही. भोपाळला काय आहे, नुसतं तळं, असं म्हणून जगदेवरावांनी पेन्शन घेतलं. दौलतसिंह निघाला तेव्हा ते पडावाकडून स्टेशनावर गेले. इतकी वर्षं मनात कुजलेली गोष्ट आता सांगून टाकावी, म्हणजे निदान याला तरी कळेल की जगदेवराव कोण होते, असं त्यांना वाटलं. माफी मागायला गेले नव्हते. ती बाब त्यांच्या स्वभावात नव्हती.

“त्या दिवशी माझी काठी चिरली नव्हती,” ते म्हणाले. “मी जाणून थांबलो होतो. ती ग्वाल्हेरची चाल आहे. तुम्हा लोकांना नाही कळायची.”

दौलतसिंहाने पान गालात सारलं.

“मालूम है, दादा. इंदौर में भी कमान है. हम भी रुकते हैं.”

“मग का वाजवलंस?”

“आपने हम इंदौरवालों को बताया नहीं था. मैं भी रुक जाता तो पूरी लाइन गिरती. सबके घर में चूल्हा है.” मग त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि गाडीत चढला.

जगदेवराव घरी आले. विजयाबाई मोरीत त्या काठीच्या तुकड्याने कपडे ढवळत होत्या. हात धुऊन त्यांनी ताट वाढलं आणि कणकेचे गोळे घेऊन पोळपाटाशी बसल्या. पहिली पोळी झाली, दुसरी झाली. ताटाच्या काठावर बोटं वाजली नाहीत.

“तब्येत ठीक नाही का?” विजयाबाईंनी विचारलं.