मूठभर जुनी ज्वारी

मी मुळातच उतावळी. माहेर नगर शहरातलं, वडील शाळेत शिक्षक. दहावीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशीच मी पेढे आणायला लावले होते, यावरून माहेरी मला अजून चिडवतात. अशा बाईच्या नशिबी काय यावं, तर महिनोन्‌महिने उघडायची नाही अशी पिशवी! पण त्या वर्षाइतकी धडधड आणि तेवढीच मजा मला दुसऱ्या कुठल्या वर्षी आली नाही, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात मात्र मजेची नव्हती. आमचं सासरचं गाव तिसगावच्या पुढं, सगळं कोरडवाहू रान. घरात मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई. नवरा नागापूरला कारखान्यात, आठवडाभर तिकडंच खोली करून राहतो आणि रविवारचा इकडं असतो. रानात रब्बीची ज्वारी. मळणी झाली की ती पत्र्याच्या कोठीत भरायची, थरावर थर कडुलिंबाचा पाला घालायचा आणि वर्षभर खायची, ही आत्याबाईंची रीत. कोठीला हात त्यांचाच. मी फक्त त्यांनी काढून दिलेली ज्वारी निवडून दळायला न्यायची.

त्या भाद्रपदात आत्याबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून पहिल्यांदाच मी कोठीत हात घातला. आत ज्वारी कोमट लागली. मी दचकलेच. धान्य कधी गरम असतं का? हात बाहेर काढला तर कोपरापर्यंत पांढरी पिठी, आणि मनगटावरून सोंडकिडे ऐटीत वर चढत होते. मूठ उघडून पाहिली. दाणे दिसायला दाणे, पण प्रत्येकाला भोक, आणि चिमटीत धरला की टरफल हातात. उफणून, पाखडून जे उरलं त्याचं पीठ कडवट आणि विरी गेलेलं. भाकरी थापता थापता फाटायची. शेवटी ती सगळी कोंबड्यांपुढं आणि गुरांपुढं गेली.

मग तिसगावच्या बाजारातून ज्वारी विकत आणली. टेम्पोतून पोती उतरवताना आत्याबाईंनी त्यांच्यावर आधी ताडपत्री टाकायला लावली. ज्याच्या रानात ज्वारी पिकते त्यानं ज्वारी विकत आणायची, ही गोष्ट आमच्याकडं लपवायचीच असते. पहिल्या दिवशी त्यांनी ती भाकरी मुकाट्यानं खाल्ली. हात धुऊन आल्यावर म्हणाल्या, "पुढल्या साली इकतची ज्वारी या घरात आली, तर मी माझ्या भावाकडं जाऊन ऱ्हाईन. सांगून ठिवते." आणि आत्याबाई उगाच बोलणाऱ्यांतल्या नव्हेत.

थंडीत आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक प्रशिक्षण देणाऱ्या ताई आल्या. त्यांनी एक जाड, गुळगुळीत पिशवी दाखवली. धान्य खडखडीत वाळवायचं, पिशवीत भरायचं, दाबून दाबून हवा काढायची, तोंडाला पीळ द्यायचा, पीळ दुमडायचा आणि करकचून बांधायचा. आतली हवा संपली की किडे आपोआप मरतात. औषध नाही, गोळी नाही. ज्या खोलीत कोठी त्याच खोलीत आम्ही झोपतो, त्यामुळं विषारी गोळ्यांची मला कायम धास्ती. मी तिथंच उठून उभी राहिले आणि म्हणाले, "चार पिशव्या माझ्या!" अजून ताईंचं बोलणं संपलंही नव्हतं. बायका हसल्या. हसू देत.

घरी आत्याबाईंनी पिशवी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली. "लुगड्याच्या दुकानातली दिसतीय," एवढंच म्हणाल्या. दोन दिवस मी त्यांच्या मागं भुणभुण लावली. शेवटी तह झाला. अर्धी ज्वारी त्यांच्या रीतीनं कोठीत, अर्धी माझ्या पिशव्यांत. आधी कोठीतली खायची, ती घटस्थापनेपर्यंत पुरवायची, आणि तिथून पुढं नवी ज्वारी येईपर्यंत पिशव्या. म्हणजे माझी अर्धी बिघडली की ताडपत्री झाकलेला टेम्पो पुन्हा दारात आणि आत्याबाई भावाच्या दारात! मला हे कळत होतं, तरी मी टाळी दिली.

फाल्गुनात मळणी झाली. गच्चीवर ज्वारी पसरली तेव्हा मी अर्ध्या अर्ध्या तासानं वर जाऊन दाणा दाताखाली धरून पाहत होते. आत्याबाई जिन्याखालून ओरडायच्या, "आगं, समदी वरच खाऊन टाकशील, पिशवीत काय भरशील?" तिसऱ्या दिवशी दाणा कट्ट वाजला. त्या आवाजानं मला जो आनंद झाला तो काय सांगू! गच्चीवरूनच ओरडले, "वाजला!" शेजारच्या म्हशीनं मान वर करून पाहिलं.

भरायच्या दिवशी नवरा सुट्टी काढून आला होता. त्यानं धरायचं, मी ओतायचं. चारी पिशव्या भरून ओळीनं फळ्यांवर उभ्या केल्या, बाहेरून गोण्या चढवल्या. तेवढ्यात दूधवाला हाका मारायला लागला म्हणून मी पुढच्या दारी गेले, आणि नवरा सुतळी आणायला. परत आलो तेव्हा आत्याबाई पिशव्यांजवळ पदर झटकत उभ्या होत्या. मला वाटलं, धूळ झटकतायत. मग आम्ही एकेका पिशवीला मिठी मारून हवा काढली, पीळ घातला, दुमडला, बांधला. मी पिशव्यांना हळदकुंकूसुद्धा लावलं. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या हे उघड होतं.

मग सुरू झालं माझं खरं कष्टाचं काम, म्हणजे काहीच न करण्याचं. येता-जाता मी पिशव्या दाबून पाहायचे. काही आठवड्यांनी त्या चांगल्या आवळल्यासारख्या लागायला लागल्या. गटातल्या बायका यायच्या आणि एकच म्हणायच्या, "वाईच सोडून दाखव की, परत बांधू." एकदा सोडली की संपलं, बाहेरची हवा आत! पण आमच्याकडं पाहुण्याला घरचं धान्य दाखवायचं, त्याच्या तळहातावर ओतायचं, हा मानच असतो. न दाखवणारी म्हणजे काहीतरी लपवणारी. मी पिशव्यांसमोर खाट टाकली आणि खाटेवर मी बसायला लागले. उतावळीला राखण दिली, असं नवरा फोनवर म्हणाला.

श्रावण सरला आणि कोठी कोमट व्हायला लागली. मी वाटच पाहत होते. खोटं कशाला बोलू, थोडासा आनंदही झाला. ज्वारी वर काढून उन्हात टाकली आणि कोठीत वाकून तळ पाहिला. दर साली आत्याबाई तळाशी मूठभर जुनी ज्वारी मुद्दाम राहू द्यायच्या. कोठी कधी पुरती रिकामी करायची नाही, बरकत जाते. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नवीन ज्वारीला कीड रानातून येवो न येवो, घरातून दर साली ही मूठच देत होती! वरून धड दिसणाऱ्या दाण्यांच्या पोटात पिल्लं बसलेली, आणि त्यांच्यावर आपण ताज्या ज्वारीचं ताट वाढतोय.

"आत्याबाई, सापडलं!" मी कोठीतूनच ओरडले. आवाज घुमला. "तुमची ती जुनी मूठ! तीच कीड घालते! बरं झालं, माझ्या पिशव्यांत ती नाही."

आत्याबाई उंबऱ्यावर गवारी निवडत होत्या. हात थांबला नाही. "तुझ्या पिशव्यातबी हाय की."

"काय?"

"येक येक मूठ. चारीबी पिशव्यात. तू दूदवाल्याकडं गेल्ती तवा टाकली. बिनबरकतीचं कसं ठिवायचं धान?"

मी कोठीतून डोकं बाहेर काढताना पत्र्यावर आपटून घेतलं. इतका राग मला कधी आला नव्हता. मी काय काय बोलले ते आठवत नाही; एवढं आठवतं की हातवारे करताना गवारीची टोपली उडाली. आत्याबाईंनी शेंगा गोळा केल्या, आणि मग शांतपणे बोलल्या.

"आमी येगळं निघालो तवा घरात पोतं सुदीक नव्हतं. माझ्या सासूनं तिच्या कनगीतली मूठभर ज्वारी माझ्या पदरात घातली. म्हनली, ही मोडू नको. पयल्या साली ती नव्यात टाकली. दुसऱ्या साली त्यातली मूठ. तवापासून मोडली न्हाई. खायाला कमी पडलं असंल, पन कोठी रिकामी झाली न्हाई. आन ह्या घरची अर्धी ज्वारी तुझ्या पिशवीत जानार, तिला मी तशीच धाडू व्हय?"

राग होताच, पण आता त्याला कुठं ठेवावं ते कळेना. पिशवीत कीड घातली होती, आणि तीही मायेनं.

मी प्रशिक्षणाच्या ताईंना फोन लावला. त्या आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, "सोडू नका! पीळ चांगला बसला असेल तर किडेच आतली हवा लवकर संपवतील आणि मरतील." पटलं, पण उतावळ्या माणसाचं पटणं दुपारपर्यंतच टिकतं. चहाच्या वेळी मी पहिल्या पिशवीच्या गाठीशी बोटं चाळवत बसले होते. सोडून पाहिलं आणि किडे जिवंत असले, तर निदान उन्हात टाकून निम्मी तरी वाचेल. नसले, तर सोडूनच मी घात करणार.

तेव्हा आत्याबाई आल्या, गुडघ्यावर हात ठेवून पिशवीशेजारी खाली बसल्या आणि तिला कान लावला. "कीड कुरतडती तवा आयकू येती," त्या म्हणाल्या. "कोठीला कान लाव, बग." मी कोठीला कान लावला. आत बारीक, न थांबणारी किरकिर चालली होती. मग पिशवीला लावला. श्वास धरून ऐकलं. दुसऱ्या पिशवीला, तिसऱ्या, चौथ्या. काहीच नाही! मग पुन्हा पहिलीला. एका बाजूनं माझा कान, दुसऱ्या बाजूनं आत्याबाईंचा, आणि मध्ये पन्नास किलो गप्प बसलेली ज्वारी.

"झोपलेत जनू," आत्याबाई म्हणाल्या.

"मेलेत!" मी म्हणाले.

"ते घटाला कळंल. गाठीवरचा हात काढ."

कोठीतली ज्वारी आम्ही उन्हं देत, पाखडत, कशीबशी घटस्थापनेपर्यंत ओढली. त्या दिवशी सकाळी कोठीचा तळ लागला. नवरा आला होता, गटातल्या चार बायका न बोलावता आल्या होत्या. मी घाईघाईनं ओढायला गेले आणि गाठ आणखीच आवळली. शेवटी पीळ उलगडला आणि आतून मळणीच्या दिवसाचा वास आला, जसाच्या तसा! मी कोपरापर्यंत हात घातला. गार! गारेगार ज्वारी! मूठ काढून सुपात ओतली. मोत्यासारखा दाणा, आणि त्यात आठ-दहा सोंडकिडे, पाय वर करून, वाळून कोळ झालेले. मी दाणा दाताखाली धरला. कट्ट!

मी किंचाळले. खरंच किंचाळले. नवऱ्याला दोन्ही दंड धरून हलवलं, एका बाईचा पदर ओढला, आणि सुपातले मेलेले किडे एकेकाला तळहातावर देऊन दाखवत सुटले. पाहुण्याच्या हातावर धान्य ओतायची रीत असते; मी किडे ओतले.

दुपारी भाकरी टम्म फुगली. आत्याबाईंनी पहिला घास सावकाश चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. "घरची हाय," त्या म्हणाल्या. मग दुसरा घास मोडत, "मूठ लागू पडली."

नवरा ठसकला. सात महिने मी पिशवी राखली, आणि श्रेय मुठीला! पण आज वाद घालायचा नव्हता. आत्याबाई तिसरी भाकरी मागत होत्या.

त्या साली टेम्पो दारात आला नाही. चौथ्या पिशवीचा तळ लागला तेव्हा रानात ज्वारीची काढणी चालू झाली होती. तळाची ज्वारी आत्याबाईंनी माझ्याकडून मागून घेतली आणि उन्हात बसून बराच वेळ निवडली. मी विचारलं नाही. मूठ पुढं जाणार हे मला माहीत होतं, आणि या खेपेला ती मी स्वतः तीनदा तपासून टाकायची असं मनाशी ठरवलं होतं.

नवी ज्वारी वाळली, दाणा वाजला, पिशव्या ओळीनं उभ्या राहिल्या. आता आठ पिशव्या भरायच्या होत्या, कारण कोठी आत्याबाईंनीच अंगणात नेऊन कोंबड्यांना खुराडं म्हणून दिली होती. मी सुतळी घेऊन आले तर त्या समोर उभ्या.

"पदर पसर," म्हणाल्या.

मी पसरला. त्यांनी कमरेचं एक लहानसं पुडकं काढून माझ्या पदरात ठेवला. जुन्या पिशवीचाच कापलेला तुकडा होता, त्यात निवडलेली मूठभर ज्वारी. "ह्या सालापासून तू टाकायची," त्या म्हणाल्या, आणि खाटेवर जाऊन पाठमोऱ्या बसल्या.

मी पदर हातात धरून तशीच उभी राहिले. डोळे भरून आले होते, त्यामुळं पुडकं नीट दिसायला जरा वेळ लागला. हवा दाबून काढलेली होती. तोंडाला पीळ दिलेला, पीळ दुमडलेला, वरून सुतळी करकचून बांधलेली. मला ती गाठ सोडवायला दात लावावे लागले.