शिडाच्या कापडाची पिशवी

मांडवीच्या बंदरावर शिडं शिवणारा एक म्हातारा होता. उरल्यासुरल्या कापडातून तो खांद्याला अडकवायच्या हलक्या पिशव्या करी. संध्याकाळी शाळेत शिकवून झाल्यावर फिरायला जाताना मला तशीच एक हवी होती. पण त्याची एक खोड होती. गिऱ्हाइकाची जुनी पिशवी चटईवर उपडी केल्याशिवाय तो कात्रीला हात लावीत नसे. खिशांचा तर त्याला भारीच राग. म्हणे, “खिसा म्हंजे ओझ्याला आवतान!”

दिवस मिठाच्या सत्याग्रहाचे होते. मी टाळाटाळ करू लागलो, तशी त्यानंच माझी पिशवी ओढून उलटी केली. पंचा पडला, पानाची चंची पडली, आणि त्यावर बंदी घातलेल्या पत्रकांचा गठ्ठा. नेमका तेव्हाच पोलिसांतला हवालदार आपली ताडपत्री न्यायला पायरी चढला.

म्हाताऱ्यानं गठ्ठा शांतपणे पालथा केला आणि वरच्या कोऱ्या बाजूवर खडूनं रेघ ओढली.

“बसा हवालदार. मास्तरांच्या खिशाचा कागद बेततोय.”

हवालदार बसला. कात्री सावकाश चालली. ताडपत्री घेऊन तो गेल्यावर म्हाताऱ्यानं उरलेला गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मान वर न करता म्हणाला, “इतकां ओझां घेऊन फिरायला जाताव?”

मी गठ्ठा पंच्यात गुंडाळला.

आठ दिवसांनी पिशवी मिळाली. हलकी, साधी, एकही खिसा नसलेली. घरी येऊन आत हात घातला, तर तळाशी दोन पदरांमध्ये बोट शिरलं. मी एक पत्रक सरकवून पाहिलं. ते न दुमडता बसलं.