अळीच्या पाठीतली धडधड

ओर्सोलाच्या बोटांची कातडी इतकी निबर झाली होती की उकळत्या कढईत हात घालून ती कोषाच्या धाग्याचं टोक शोधायची आणि तोंडाने शेजारणीशी भांडण चालूच ठेवायची. बोलोन्या शहराच्या वेशीबाहेर आपल्यासारखं रेशीम कुणी सोडवत नाही असं ती स्वतःच सांगे, आणि कुणी ते खोडून काढत नसे. नवरा तापाने गेलेला, पोरबाळ नाही. वसंत लागला की रेशमाच्या किड्यांची अंडी पुरचुंडीत बांधून ती छातीशी ठेवायची. अंगाच्या उबेने ती फुटेपर्यंत झोपेत कूससुद्धा बदलायची नाही. पुढे माडीवर अळ्या तुतीचा पाला कुरतडत, कोष विणत, आणि मग ते कोष आतल्या किड्यासकट कढईत जात. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्या वर्षी विद्यापीठात शिकवणारे डॉक्टर झांबोनी तिच्याकडून जिवंत अळ्या नेऊ लागले.

"तळून खातात की काय गं?" शेजारची दोमितिल्ला म्हणाली.

"खाऊ देत. तुझ्या हातच्या रश्श्यापेक्षा बरं लागत असेल."

एकदा ओर्सोला स्वतःच टोपली घेऊन डॉक्टरांच्या घरी गेली. ते खिडकीपाशी, बारीक वस्तू मोठ्या दाखवणारी भिंगं बसवलेल्या एका नळीवर वाकून बसले होते.

"ओर्सोला, इतकी वर्षं सांभाळतेस यांना. यांच्या पोटात काय असतं?"

"पाल्याचा लगदा. आणखी काय असणार?"

"ये, बघ."

तिने एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला. आधी नुसतंच धुकं. मग एकाएकी अळीची चिरलेली पाठ समोर आली, केवढी मोठी! आणि त्या पाठीतून एक लांब, पातळ नळी हलत होती. फुगे, आकसे. शेपटाकडून लाट निघे आणि डोक्यापर्यंत जाई, की लगेच दुसरी.

"तुमचं यंत्र हलतंय," ती म्हणाली.

"यंत्र स्थिर आहे. ते तिचं हृदय आहे."

"हृदय? किड्याला?" ती इतक्या झटक्याने मागे सरली की टोपली कलंडली आणि अळ्या जमिनीवर पसरल्या. त्या गोळा करायला ती वाकली, पण हात पुढे जाईना. डॉक्टर उत्साहाने सांगतच होते. अळ्या दोन्ही कुशींवरच्या भोकांतून श्वास घेतात, भोकांना तेल लावलं तर गुदमरून मरतात. ओर्सोलाने टोपली तिथेच टाकली आणि ती घरी आली.

आठवड्याभरात कोष तयार झाले. कढई चढली. पहिला घाणा पाण्यात सोडायचा, तर ओर्सोला कोष ओंजळीत धरून नुसती उभी.

"अगं, टाक ना!" दोमितिल्ला ओरडली. "का आधी त्यांची माफी मागणारेस?"

ओर्सोलाने ओंजळ टोपलीत परत रिकामी केली. ती तशीच चर्चमध्ये पाद्रीबाबांकडे गेली.

ते हसले. "बाई, किड्याला आत्मा नसतो."

"आत्म्याचं नाही विचारलं, बाबा. ते धडधडतं. आपल्यासारखंच. मी पाहिलंय."

"मग पाहू नये," पाद्रीबाबा म्हणाले.

त्या वर्षीचे कोष तिने दोमितिल्लाला देऊन टाकले. बायकांनी तिला वेड्यात काढलं. पुढे ती धाग्यासाठी ताग कुजवायच्या डबक्यावर कामाला जाऊ लागली. कमरेइतक्या घाण पाण्यात उभं राहायचं, भिजलेले भारे ओढायचे. अंगाचा वास जात नसे, आणि घरात चूल पेटेलच याची खात्री नसे.

हे कानावर आलं तेव्हा डॉक्टर डबक्यावर आले, नाकाला रुमाल लावून.

"तुला नवल वाटावं म्हणून दाखवलं होतं गं मी."

"वाटलं की. अजून वाटतंय." तिने भारा काठावर टाकला. "पण डॉक्टर, तुम्ही तर रोज बघता. तुमचा हात कसा चालतो?"

डॉक्टरांनी रुमाल खाली घेतला. "पहिल्यांदा थांबला होता. पण मग पुन्हा बघितल्यावाचून राहवेना."

राहवत तर ओर्सोलालाही नव्हतं. ती लाट डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपून ती डॉक्टरांच्या दारात उभी राहिली. "अळी नको," तिने आधीच बजावलं. "दुसरं काहीही दाखवा." डॉक्टरांनी पिसू दाखवली, माशीचा डोळा दाखवला. दर खेपेला ती दचकून मागे सरायची, छातीवर क्रूसाची खूण करायची, आणि पुन्हा पुढे व्हायची. हे कित्येक वर्षं चाललं. तिचे केस पिकले, तरी ते दचकणं काही गेलं नाही.

एकदा तिने कमरेला खोचून आणलेला तागाचा हिरवा दांडा पुढे केला. डॉक्टरांनी त्याची पातळ चकती कापून नळीखाली ठेवली. ओर्सोला वाकली. आत कोठड्याच कोठड्या होत्या, ओळीने, रसाने टच्च भरलेल्या.

"यालासुद्धा जीव?" ती कुजबुजली. मग तिचा आवाज चढला. "डॉक्टर, आता मी पोटाला काय करू? दगड फोडायला जाऊ?"

"दगड अजून मी पाहिलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

"पाहूही नका!" ओर्सोला म्हणाली, आणि डोळा पुन्हा नळीला लावला.