नानांचा पूल

परवा धुळ्यात भाजत्या वांग्यांचा वास आला आणि मी थेट तीस वर्षांपूर्वीच्या जळगावच्या इंजिनिअर क्लबात पोचलो. तिथे दुपारचं व्याख्यान संपल्याशिवाय भरीत-पुरी वाढत नसत, त्यामुळे प्रश्न विचारणं हा गुन्हाच.

माझं पहिलंच भाषण होतं. तडा गेलेल्या एका पुलाचा फोटो दाखवून मी त्याच्या डिझाइनची यथेच्छ चिरफाड केली. निवृत्त इंजिनिअर नाना उठले.

“तो पूल मी बांधलाय.”

मागून कुणीतरी म्हणालं, “नाना, भरीत बठ्ठं गार व्हई जाई.”

“होऊ दे. माझं कुठे चुकलं, सांगा साहेब.”

मी सांगितलं, नानांनी वहीत उतरवून घेतलं. तेव्हा मला तो माझा विजय वाटला. आता भाषणांत तरुण पोरं माझ्या पुलांच्या चुका काढतात, तेव्हा नानांसारखं उठायचं सोडून मी पूल दुसऱ्याचा असल्यासारखा बसून राहतो.